सरक्यांचा बर्फ

डिसेंबर लागला की बाबा
अंबड रोडच्या जिनिंगवरून पिशवीभर कापूस आणायचे.
विकत नाही. मागून.
काट्यावरचे गफूरचाचा विचारायचे,
"काऊन एलियाभाऊ, तुमच्या देवाला थंडी वाजू राहिली का?"
आणि वर दोन मुठी कोंबायचे.

तो आमचा बर्फ.
न पिंजलेला, सरक्यांसकट,
मधूनच बोंडाची टोचरी साल, पानाचा चुरा.
एका वर्षी तर जिवंत लाल ढेकण्या निघाला
आणि तुरुतुरु गव्हाणीकडे गेला.
शमू म्हणाला, मारू नका, हा चौथा मागी.

गोठा कडब्याचा, छपराला तुराट्या.
योसेफ दोन.
मेंढपाळ हरवला त्या साली बाजारात योसेफच शिल्लक होता;
आईनं त्याच्या खांद्यावर काळ्या मोज्याची घोंगडी टाकली,
म्हणाली, आता राख मेंढरं.
बाळ मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत
साखरेच्या डब्यात.
बारा वाजता बाबा ते बाहेर काढायचे,
फुंकर मारायचे,
तरी कानामागं दोन-चार दाणे राहायचेच.

मग फेरी यायची. ढोलकी, झांजा, गॅसबत्ती,
आणि मनोहर मास्तरांची पेटी,
जिची एक पट्टी थंडीनं खाली बसली की वर येत नसे.
अख्ख्या ख्रिस्तजन्माच्या मागं तो एकच सूर
गिरणीच्या भोंग्यासारखा चालू.
आम्ही दारात, एका शालीत दोघं.
करंज्यांचं ताट. गुळाचा चहा.

नाताळ सरला की आई सरक्या वेचून काढायची
आणि उशा भरायची.
वर्षभर आम्ही त्याच बर्फावर झोपायचो,
मार्चात, मे महिन्यात,
टँकर आला टँकर आला ऐकून उठायचो
गालावर अभ्र्याचे वळ घेऊन.

यंदा काहीच करायचं नव्हतं.
बाबांना जाऊन आठ महिने.
शमूनं पुण्याहून फवाऱ्याचा बर्फ पाठवला,
डबा हलवायचा, दाबायचा.
सुवार्तानं तो खिडकीवर मारला.
साबणाचा वास आला, तासाभरात सगळा ओघळला.
"मम्मी, तुमचा कसा होता?"

जिनिंगवर गेले.
गफूरचाचांच्या खुर्चीवर एक पोरगा,
मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला,
"सुट्टा नाही मिळत, मॅडम. गाठी आहेत."

घरी येऊन बाबांची उशी उसवली.
ते गेल्यापासून मीच घेत होते ती.
शिवण आईची, दुहेरी, हट्टी. ब्लेड लागलं.
कापूस पिवळा पडलेला, गोळे झालेला,
खोबरेल तेलाचा,
आणि त्या तेलाखाली अजून कसला तरी, ज्याला नाव नाही.
सुवार्तानं नाक लावलं. काही बोलली नाही.
पसरता पसरता तिच्या बोटाला टणक लागलं.
सरकी.
आईच्या हातून निसटलेली, एकच,
अंगावर अजून पांढरी लव.
"ही कुठं ठेवू?"
मी काही सांगायच्या आत तिनं ती
दुसऱ्या योसेफाच्या पायाशी ठेवली.
त्याला इतकी वर्षं घोंगडी होती,
मेंढरू नव्हतं.

बारा वाजता साखरेचा डबा उघडला.
फुंकर मी मारली.
फेरी आली तेव्हा वीज गेलेली होती,
पेटी नवीन होती, सगळ्या पट्ट्या धड,
मला मात्र तो मधला सूर ऐकू येत राहिला.

रात्री बिनउशीचीच झोपले.
सकाळी उपासनेत मान वळेना.
पाळक म्हणाले उभे राहू या, उभी राहिले,
बसू या, बसले,
पण सगळा वेळ दिसत होता तो फक्त
उजवीकडचा तिसरा बाक, कडेची जागा.
तिथं कुणाचं तरी लहान पोर
नव्या सदऱ्याची कॉलर चावत बसलं होतं.